मागे कुणी नाही

आपल्या मागे कुणीतरी उभं आहे, हे विशाखा मगदूमला पहिल्यांदा जाणवलं ते भर दुपारी, कुपवाडच्या कारखान्यात, पेटत्या बर्नरसमोर.

हातात काचेची नळी होती. दोन्ही हातांनी सारख्या गतीनं फिरवत ती ज्योतीत धरायची, काच मधासारखी मऊ झाली की बाहेर काढायची आणि तोंडातल्या रबरी नळीतून हलकी फुंकर घालायची. फिरवणाऱ्या दोन हातांत केसभर फरक पडला तरी काच पिळवटते. विशाखा हे काम लग्नाआधीपासून करत होती. प्रयोगशाळांना लागणारी काचेची पात्रं बनवायचा तो लहानसा कारखाना तिच्या वडिलांनी उभा केला होता. आता ती काच बघायची आणि बाहेरचं सगळं तिचा नवरा सुकुमार बघायचा.

पाठीवर, डाव्या खांद्याच्या जरा खाली, कुणीतरी बोटं टेकवली.

"अहो, सरका की जरा. काच मऊ आहे," ती न वळता म्हणाली.

बोटं हलली नाहीत. म्हणजे हलत होती, पण जागच्या जागी. तिची बोटं नळी फिरवत होती तशीच, किंचित मागून, ती पाठीवरची बोटं कसलीतरी अदृश्य नळी फिरवत होती.

"ऐकू येतंय का? भाजेल!"

"काय गं? मला म्हणालीस?"

सुकुमारचा आवाज समोरून आला. काचेच्या दारापलीकडे, ऑफिसात, तो फोन कानाला लावून उभा होता.

विशाखा गर्रकन वळली. मागे भिंत होती, भिंतीवर अग्निशामक नळकांडं होतं, आणि दुसरं काही नव्हतं. हातातली नळी मधेच वाकून टेबलावर ओघळली.

"चक्कर आली का?" सुकुमार धावत आला.

"नाही. घाम आला होता, पाठीला काहीतरी चिकटल्यासारखं वाटलं," ती म्हणाली. आणि त्या क्षणी तिला तिच्या कानामागून, अगदी जवळून, तेच शब्द कुणीतरी पुटपुटल्यासारखे ऐकू आले. आवाज बाईचा होता.

*

विशाखाचा आजार वडिलांकडून आलेला. कवटीच्या मागच्या बाजूला, मानेच्या जरा वर, मुठीएवढा लहान मेंदू असतो. आकारानं लहान, पण मेंदूतल्या निम्म्याहून जास्त चेतापेशी त्यात दाटीवाटीनं भरलेल्या असतात. त्यातल्या काही पेशी चाळिशीच्या आसपास एकेक करून मरायला लागतात. माणूस शुद्धीत असतो, अक्कल शाबूत असते, अंगात ताकदही असते. जाते ती वेळ. कोणता स्नायू कधी आवळायचा आणि कधी सोडायचा, याचा मेळ सुटतो. पेल्याकडे नेलेला हात पेल्यापलीकडे जातो. पाय पडेल तिथं पडतो. जीभ जड होते. विशाखाच्या वडिलांनी जन्मात दारूला स्पर्श केला नव्हता, पण त्यांच्या झोकांड्या बघून एका कंडक्टरनं त्यांना भर बाजारात एसटीतून उतरवलं होतं. शाळकरी विशाखा त्यांचं बोट धरून खाली उतरली होती.

तिची स्वतःची बोटं पहिल्यांदा चुकली तेव्हा तिला काय झालंय हे सांगायला डॉक्टरची गरज लागली नाही.

पण वडिलांच्या वेळी नव्हतं ते आता निघालं होतं. मिरजेच्या एका हॉस्पिटलात डॉक्टर नौशाद मुजावर 'तालक' नावाचं यंत्र बसवत. नखाएवढी चकती, कानामागे हाडाखाली. तिच्यातून निघालेल्या केसाहून बारीक तारा लहान मेंदूत उतरायच्या आणि मेलेल्या पेशींनी जे इशारे ज्या क्षणी द्यायचे ते स्वतः द्यायच्या. तालक शिकत जाई. माणूस कसा चालतो, कसा लिहितो, कसा घास उचलतो, हे टिपून घेई आणि त्या त्या हालचालीचा ताल धरून ठेवी.

ऑपरेशननंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात विशाखा परत बर्नरसमोर बसली. पहिली नळी सरळ निघाली तेव्हा सुकुमार ऑफिसात जाऊन दार लावून रडला, आणि त्यांची मुलगी ऋजुता, जी बारावीला होती आणि हल्ली आईकडे बघायचं टाळायची, ती पुन्हा तिच्या शेजारी बसून जेवायला लागली. ऋजुता का टाळत होती हे घरात तिघांनाही माहीत होतं. हा आजार पुढच्या पिढीत उतरण्याची शक्यता निम्मी असते. अठरा पूर्ण झाली की तिला स्वतःची तपासणी करून घेता येणार होती. आईकडे बघणं म्हणजे तिच्यासाठी आरशात बघण्यासारखं होतं.

म्हणूनच पाठीवरच्या त्या बोटांबद्दल विशाखा घरात कुणाला काही बोलली नाही.

*

पण ती बोटं परत आली, आणि एकटी आली नाहीत.

आंघोळ करताना विशाखानं चेहऱ्याला साबण लावला आणि दुसऱ्याच कुणाचे तरी हात आपला चेहरा चोळतायत असं तिला वाटलं. तिनं किंचाळायला तोंड उघडलं, तर साबणाचं पाणी घशात गेलं. जिना चढताना मागून पावलं वाजायची, तिच्या पावलांहून निमिषभर उशिरा. ती थांबली की एक पाऊल जास्तीचं पडायचं आणि मग तीही थांबायची. घास तोंडात घालताना वाटायचं, कुणीतरी भरवतंय.

एका सकाळी घरात कुणी नसताना तिनं धीर केला. स्वयंपाकघराच्या मधोमध उभी राहिली आणि अजिबात हलली नाही. काही नाही. मागे रिकामं. श्वास रोखून तिनं हळूच उजवा हात वर केला. मागे कुणीतरी हात वर केला. तिला दिसलं नाही, पण आपल्याला पाठ आहे हे जसं न बघता कळतं तसं कळलं. तिनं बोटं मिटली. मागच्या बोटांनी तिच्या खांद्यावर मिटल्यासारखं केलं. उंची तिच्याएवढीच होती.

"कोण आहे?" विशाखा म्हणाली.

"कोण आहे?" तिच्या मानेवर कुणीतरी म्हणालं.

ती पायात चपला न घालता अंगणात पळाली, आणि तिच्यामागून पावलंही पळाली. शेजारणीच्या ओट्यावर जाऊन ती नुसती बसून राहिली. शेजारीण विचारत होती, काय झालं वहिनी, काय झालं, आणि विशाखा उत्तर देत नव्हती. उत्तर दिलं असतं तर ते दोनदा ऐकू आलं असतं.

त्याच दुपारी सुकुमारला सगळं सांगितलं. तो फक्त एवढंच म्हणाला, "तू आत्ता मला सांगतेस विशाखा?" आणि बिनचालकाची रिक्षा बोलावली.

*

डॉक्टर मुजावर हसले नाहीत की गोळ्याही लिहून दिल्या नाहीत. त्यांनी पंख्याखालच्या टेबलावर एक खेळण्यासारखं दिसणारं यंत्र मांडलं. पुढे एक दांडी, मागे एक दांडी. पुढची हातानं ढकलली की मागची बसलेल्या माणसाच्या पाठीला टोचायची.

"मगदूमसाहेब, तुम्ही बसा. तुमच्या डोक्यात काही यंत्र नाही. डोळे मिटा आणि पुढची दांडी ढकलत राहा."

सुकुमार बसला. ढकलायला लागला. "आपलीच पाठ आपण खाजवतोय असं वाटतंय," तो म्हणाला.

"अस्सं. आता मी मागच्या दांडीला जरासा उशीर लावतो. डोळ्याची पापणी लवायला लागतो तेवढा. ढकला."

सुकुमार ढकलत राहिला. थोड्या वेळानं त्याचा हात मंदावला. चेहऱ्यावरचा रंग उतरला. मग तो एकदम उठला आणि खुर्चीला धरून मागे वळला. मागे खिडकी होती.

"कोण होतं?" त्यानं विचारलं.

"कुणी नाही. तुम्हीच होता," डॉक्टर म्हणाले. त्यांनी दोघांना समोर बसवलं. "आपण स्वतःला गुदगुल्या करू शकत नाही. का? आपण हात उचलायचं ठरवतो, त्याच क्षणी त्या हुकमाची एक प्रत लहान मेंदूकडे जाते. तो आधीच सांगून ठेवतो, की आता बोटाला असं लागेल, कानाला असा आवाज येईल, पायाखाली अशी फरशी येईल. आणि अगदी तसंच, त्याच वेळी घडलं, की बाकीचा मेंदू तिकडे लक्षच देत नाही. आपलंच आहे, सोडून द्या. दिवसभर आपण स्वतःलाच शिवत असतो, स्वतःचंच ऐकत असतो, पण ते आपल्याला जाणवत नाही ते यामुळं."

"आणि वेळ चुकली तर?" विशाखानं विचारलं. स्वतःचा प्रतिध्वनी ऐकू नये म्हणून ती अगदी हळू बोलत होती.

"तर मेंदू म्हणतो, हा स्पर्श मी केलेला नाही. मग कुणीतरी केला असणार. त्याला हिशेब लागल्याशिवाय चैन पडत नाही, म्हणून तो मागे एक माणूस उभा करतो."

"माझ्या तालकाची वेळ चुकतेय?"

डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. "चुकत नाही, हीच अडचण आहे. लहान मेंदूचा पुढचा भाग हातपाय सांभाळतो. मागच्या भागाचं काम जास्त करून हे भाकीत सांगण्याचं. तुमच्या मागच्या भागातल्या उरलेल्या पेशी आता मंद पडत चालल्यायत. दोन्ही भागांना वेगवेगळी वेळ लागतेय आणि तालकात घड्याळ एकच आहे. हातांना लावलं तर मागची बाई येणार. ती घालवायची तर हात सुटणार."

"दोन घड्याळांचं निघेल की," सुकुमार म्हणाला.

"निघेल. आम्ही त्याच्यामागेच आहोत. पण अजून वर्षं लागतील. मला विचाराल तर मी वेळ बदलून देईन, आजच."

विशाखानं मांडीवरचे आपले हात बघितले. स्थिर होते. "नको," ती म्हणाली. "हातच राहू द्या."

"अगं, पण..." सुकुमार म्हणाला.

"ऋजुताला कळू द्यायचं नाही. तिला काय वाटेल? की यावर इलाज आहे म्हणाले आणि आईच्या मानेवर भूत बसवलं?" ती डॉक्टरांकडे वळली. "ती मीच आहे ना? मग मी स्वतःला सांगेन. मागे कुणी नाही. तिकडे बघायचंच नाही."

डॉक्टर मुजावरांनी दांड्यांचं यंत्र बाजूला सरकवलं. "ताई, मेंदूला काहीही शिकवता येतं," ते म्हणाले. "भीती त्याचीच आहे."

*

विशाखा शिकली. कुठलीही गोष्ट शिकायची तर ती चिवट होती. पाठीवर बोटं टेकली की मनात म्हणायची, मागे कुणी नाही. पावलं वाजली की, मागे कुणी नाही. सुरुवातीला मान आपोआप मागे जायला बघायची, पण ती वळत नसे. सुकुमारनं ठरवलं होतं, आपण नेहमी समोरून यायचं आणि आधी नाव घेऊन हाक मारायची. काही दिवस तो विसरला नाही. पुढे माणूस विसरतोच.

हळूहळू भीती पातळ झाली. मागची गेली नव्हती. विशाखाच तिला दाद देईनाशी झाली होती. काचेचं काम पूर्वीहून सफाईदार व्हायला लागलं. नागमोडी नळीचे मोठे कंडेन्सर, म्हणजे वाफ थंड करायची पात्रं, जे करायला वडीलही दचकायचे, ते ती एका बैठकीत उतरवायला लागली.

एका रविवारी ती ओट्याशी उभी राहून कांदा चिरत होती. चिरून झाला, तिनं सुरी धुतली, कढई ठेवली, फोडणीला तेल घातलं.

"आई," ऋजुताचा आवाज आला, अगदी कानाशी आणि अगदी बारीक. "मी मघापासून तुला मिठी मारून उभी आहे."

विशाखानं खाली बघितलं. तिच्या पोटाभोवती मुलीचे दोन्ही हात होते. मनगटात ऋजुताचा नेहमीचा निळा धागाही होता, आणि विशाखाला त्यातलं काहीही लागत नव्हतं. मग बघितल्यावर, हळूहळू, जसा मुंग्या आलेल्या पायात जीव येतो, तसे ते हात तिला लागायला लागले.

"लक्षच नव्हतं गं," ती हसून म्हणाली. तेल धुरकटलं होतं. गॅस बंद करताना तिच्या अंगावर काटा आला आणि तो दिवसभर गेला नाही.

डॉक्टरांना हे सांगायला हवं होतं. पण ते काय म्हणतील हे तिला माहीत होतं.

*

जेवणाची सुट्टी झाली होती. कामगार बाहेर झाडाखाली डबे उघडून बसले होते. विशाखाच्या हातात अवघड जोड होता: बाहेरच्या जाड नळीत आतली नागमोडी नळी चिकटवायची. असल्या जोडाच्या वेळी हात थांबला की संपलं, आठवड्याचं काम कचऱ्यात. डोळ्यावर गडद चष्मा, कानात बर्नरचा घोंगावणारा आवाज. काच लाल झाली, नारिंगी झाली.

पाठीवर हात टेकला.

मागे कुणी नाही, विशाखानं मनात म्हटलं.

हात जड होता. रोजच्यापेक्षा जड. खांदा पकडून तो ओढत होता. आज जोर केलाय बाईनं, तिला वाटलं, आणि थोडं हसूही आलं. नळी फिरत राहिली. मानेवर श्वास लागला, तुटक, ओला. काहीतरी पुटपुटणं ऐकू आलं, शब्द नसलेलं. विशाखानं दात घट्ट आवळले. मागे कुणी नाही. ॲप्रनची गाठ कुणीतरी खेचली, इतकी की तिचा तोल किंचित ढळला. पण तालक तालक होतं, त्यानं हात ढळू दिले नाहीत. जोड लागला. तिनं फुंकर घातली, काच गोल फुगून बसली. मग पाठीवरचा हात घसरत घसरत कमरेवर आला, मांडीवर आला आणि गेला.

आपण जिंकलो, असं तिला वाटलं. तिनं तयार कंडेन्सर सावकाश थंड व्हायला काळजीनं भट्टीत ठेवला, दार लावलं, बर्नर बंद केला, चष्मा काढला.

वळली तेव्हा सुकुमार तिच्या पायाशी पडला होता. त्याच्या मुठीत तिच्या ॲप्रनची तुटलेली नाडी होती. ओठ निळे पडले होते. डोळे उघडे होते, तिच्याकडे.

विशाखाच्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून बाहेरचे कामगार धावत आले. ती गुडघ्यावर बसली होती. "ॲम्ब्युलन्स!" ती भिंतीवरच्या बोलक्या सहायक यंत्रावर ओरडली, आणि भिंतीनं शांतपणे मदत निघाली असल्याचं सांगितलं. तिनं सुकुमारचा शर्ट फाडला, दोन्ही तळवे त्याच्या छातीच्या मधोमध ठेवले आणि दाबायला सुरुवात केली. कारखान्याच्या सुरक्षा प्रशिक्षणात एकदा शिकवलं होतं. हात आपोआप ताल धरून चालायला लागले.

आणि तिच्या हातांवर आणखी दोन हात आले. तिच्या पाठीला छाती लावून, तिच्याच कोपरांतून, ती दुसरी खाली झुकली होती आणि दाबत होती. दाबणाऱ्यांतले आपले हात कुठले हे विशाखाला कळेना. हा माणूस आपण वाचवतोय की ती? आणि ती थांबली तर? मागे कुणी नाही असं म्हणायची तिला हिंमत झाली नाही. "दाब," ती ओरडायला लागली, "दाब, थांबू नकोस, दाब!" कामगारांना वाटलं ती स्वतःलाच सांगतेय.

*

सुकुमार वाचला. हृदयाचा एक तुकडा मेला होता, पण तो वाचला. अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर ऋजुता आईशेजारी येऊन बसली.

"पप्पा कुठं पडले होते?"

"माझ्या मागे."

"मग तुला कळलं नाही?"

"कळलं."

ऋजुता तिच्याकडे बघत राहिली. विशाखाला खोटं बोलता आलं असतं. बर्नरचा आवाज होता, काच हातात होती, काहीही. पण त्या पोरीला एक दिवस हेच सगळं स्वतः ठरवावं लागणार होतं. तेव्हा तिनं पहिल्या दिवसापासूनचं सांगितलं. साबणाचे हात, जिन्यावरची पावलं, डॉक्टरांची दांडी. "त्यांनी मला ओढलं ऋजू. मानेवर श्वास लागत होता त्यांचा. आणि मी हसत होते."

ऋजुता बाकावर मागे सरकली. आईपासून लांब, पार टोकापर्यंत. तिच्या नजरेत जे होतं ते विशाखानं आधी फक्त एका ठिकाणी बघितलं होतं, न्हाणीघरातल्या आरशात, स्वतःच्या डोळ्यांत. बराच वेळ दोघींमधली बाकाची जागा रिकामी राहिली. एक नर्स येऊन गेली, एक स्ट्रेचर गेलं. मग ऋजुता उठली, बाकाला वळसा घालून समोर आली, फरशीवर बसली आणि तिनं आईच्या मांडीवर डोकं ठेवलं.

"हे लागतंय ना?" तिनं विचारलं.

"लागतंय," विशाखा म्हणाली. तिच्या केसांवर हात ठेवायला मात्र ती धजली नाही. तो हात कुणाचा वाटेल याची खात्री नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती डॉक्टर मुजावरांसमोर जाऊन बसली. "हात घ्या काढून," ती म्हणाली.

त्यासाठी ऑपरेशन करावं लागलं नाही. डॉक्टरांनी पडद्यावर आकडा सरकवला. पाठीवरून कुणीतरी भिजलेली चादर ओढून घ्यावी तसं झालं. खोली अचानक मोठी झाली. विशाखा बोलली आणि तिचा आवाज एकदाच ऐकू आला. तेवढ्यात टेबलावरच्या पाण्याच्या पेल्याकडे गेलेला तिचा हात पेल्यापलीकडे गेला, आणि पेला खाली पडून फुटला.

*

कारखाना त्यांनी एका ओळखीच्या माणसाला चालवायला दिला. विशाखा काठी घेऊन चालायला लागली, आणि सुकुमार तिच्याहून हळू चालायचा, म्हणून दोघांचं जमायचं. ऋजुतानं अठरा पूर्ण झाल्यावर तपासणी करून घेतली. आजार तिच्यातही होता. त्या संध्याकाळी घरात कुणी रडलं नाही. ऋजुता म्हणाली, "मला चाळीस लागेपर्यंत काहीतरी निघेल." सुकुमार म्हणाला, "निघणारच."

आठवडाभरानं विशाखानं मिरजेला फोन लावला. तिची जीभ आता जड झाली होती. शब्द एकेक करून ठेवावे लागत. "डॉक्टर, ते दोन घड्याळांचं. कुणाच्या तरी डोक्यात लावून बघावं लागत असेल ना?"

"लागतं. पण ताई, दर वेळी जुळेपर्यंत ते चुकणार. दर वेळी ती येणार. आणि तुम्हाला तिच्याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. उलट सगळं लक्ष तिच्यावर ठेवून सांगत राहावं लागेल."

"माहीत आहे."

पहिल्या चाचणीच्या दिवशी सुकुमार तिच्या समोरच्या खुर्चीवर बसला होता, गुडघ्याला गुडघा लावून. ऋजुता दारापाशी उभी होती. तिला येऊ नको म्हटलं होतं, पण ती आली होती. खुर्चीच्या मागे भिंत होती, विशाखानं आधीच चाचपून घेतली होती. मागे उभं राहायला जागाच नव्हती.

"सुरू करू?" डॉक्टरांनी विचारलं.

तिनं मान डोलावली.

काही क्षण काहीच झालं नाही. मग तिनं सांगितल्याप्रमाणे उजवा हात उचलला, आणि भिंत आणि खुर्ची यांच्यामधल्या त्या नसलेल्या जागेत कुणीतरी हात उचलला.

विशाखाच्या घशातून एक बारीक आवाज निघाला. सुकुमारनं पुढे होऊन तिचे गुडघे धरले. तिला उठून पळायचं होतं. पाय तिचं ऐकणारे असते तर ती पळालीही असती.

"आली," ती म्हणाली. "डाव्या बाजूला. खांद्याखाली बोटं आहेत. माझ्याहून उशिरा हलतायत, जरासा उशीर."

"थोडं पुढे घेतो. आता?"

"आहे अजून. जवळ आलीय. माझ्याबरोबर बोलतेय." दारापाशी ऋजुतानं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं.

"ताई, थांबवू का?"

विशाखानं डोळे मिटले. मानेवर श्वास लागत होता. तिचाच.

"थांबवू नका," ती म्हणाली. "अजून थोडं पुढे घ्या."